संघर्षाचे अभ्यासक : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

महाविद्यालयांच्या वार्षिकांकांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर एखादा लेख नसेल असे क्वचितच घडते. त्या लेखांत महाडचे चवदार तळे असते, काळाराम मंदिर असते, राज्यघटना असते आणि शेवटी नागपूरची दीक्षाभूमी असते. ते सारे योग्यच आहे व पुन्हा पुन्हा सांगण्यासारखेही आहे. पण त्या गर्दीत बाबासाहेबांची एक बाजू मागे पडते, आणि राज्यशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला तीच अधिक जवळची वाटते. एकाच भूमीवर राहणारे लोक एकमेकांच्या जिवावर का उठतात, आणि ते उठू नयेत म्हणून राज्याची रचना कशी असावी, या प्रश्नाचा त्यांनी 1916 पासून 1956 पर्यंत, म्हणजे तब्बल चाळीस वर्षे, शास्त्रीय पद्धतीने पाठपुरावा केला. आपल्या पाठ्यपुस्तकांत यादवी युद्ध हा शब्द आला की उदाहरणे अमेरिकेची नाही तर स्पेनची. मुंबईच्या रस्त्यावरील दंगलींना यादवी युद्ध म्हणावे काय, हा प्रश्न 1940 साली आकडेवारीनिशी विचारणारा अभ्यासक आपल्याच भाषेच्या मुलखात होऊन गेला, ही गोष्ट मात्र त्या पाठात येत नाही.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथील लष्करी छावणीत जन्म, वडील सुभेदार रामजी, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे, 1907 साली मॅट्रिक, 1912 साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून अर्थशास्त्र व राज्यशास्त्र घेऊन बी. ए. हा तपशील बहुतेकांस ठाऊक असतो, म्हणून त्यात मी शिरत नाही. 1913 च्या जुलैत सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले तेव्हा त्यांचे वय बावीस होते. अर्थशास्त्राचे सेलिग्मन आणि तत्त्वज्ञानाचे जॉन ड्यूई हे त्यांचे गुरू. ड्यूईंच्या शिकवणीचा ठसा त्यांच्या पुढील सर्व लेखनावर दिसतो. परंपरेत काय चालत आले यापेक्षा आज त्याचा परिणाम काय होतो ते पाहावे, ही ती शिकवण.

9 मे 1916 रोजी मानववंशशास्त्राचे अध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. वय वर्षे पंचवीस. जात म्हणजे स्वतःभोवती कुंपण घातलेला वर्ग, आणि ते कुंपण म्हणजे जातीतल्या जातीत लग्न, असे त्यांचे प्रतिपादन होते. सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या तिन्ही प्रथा ते कुंपण टिकवण्यासाठी आल्या, हे त्यांनी एखादे गणित सोडवावे तसे सोडवून दाखविले. नवरा आधी वारला तर उरलेल्या स्त्रीचे काय करायचे, बायको आधी वारली तर उरलेल्या पुरुषाचे काय करायचे, एवढ्या साध्या प्रश्नापासून त्यांनी सुरुवात केली. ज्याला लहानपणी शाळेत स्वतःचे गोणपाट घेऊन बसावे लागले, ज्याला तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतल्याशिवाय ते मिळत नव्हते, तो तरुण परदेशात जाऊन याच विषयावर लिहितो आणि संपूर्ण निबंधात स्वतःविषयी एक अक्षर लिहीत नाही. ही गोष्ट मला थक्क करते. दुःख मोजायचे असेल तर काही वेळ ते बाजूला ठेवावे लागते, आणि हे त्यांना इतक्या लवकर साधले कसे, याचे उत्तर मला कोणत्याही चरित्रात सापडलेले नाही.

लंडनमधील पहिले शिक्षण शिष्यवृत्ती संपल्यामुळे अर्धवट राहिले. 1917 साली ते परतत असताना त्यांचे सामान ज्या जहाजावर होते ते पाणतीराने बुडाले आणि जमविलेली पुस्तके समुद्रात गेली. पुढे बडोद्यास नोकरीसाठी गेले तर राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना हाकलले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात दोन वर्षांहून कमी काळ अध्यापन करून पैसा साठविला व 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले. 1923 साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास डी. एस्सी. मिळाली. ब्रिटिशांच्या काळातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ 1925 साली निघाला व त्यावर कोलंबियाची पीएच. डी. 1927 साली रीतसर मिळाली. हे दोन्ही ग्रंथ अर्थशास्त्राचे, म्हणून आपल्या विषयाशी त्यांचा संबंध नाही असे कोणास वाटेल. पण केंद्राकडे किती पैसा, प्रांताकडे किती, कर कोणावर व खर्च कोणासाठी, हे तपासण्याची जी सवय त्यांना तेथे लागली, तीच पुढे फाळणीच्या अभ्यासात कामी आली.

संघर्षाचा अभ्यास त्यांनी केवळ ग्रंथालयात बसून केला नाही. 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर परिषदेस आलेल्या लोकांवर हल्ला झाला, अनेकजण जखमी झाले. उलट मार देण्याइतके लोक बाबासाहेबांपाशी होते, त्यांत लष्करातून निवृत्त झालेलेही होते. त्यांनी सर्वांस आवरले. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा तळ्यावर जाण्याचे ठरले असता न्यायालयाचा मनाईहुकूम आला, तेव्हा त्यांनी पाऊल मागे घेतले आणि दावा लढविला. तो दावा दहा वर्षे चालून 1937 साली मुंबईच्या उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकालात निघाला. दहा वर्षे! आजच्या आपल्या पिढीला दहा दिवस धीर निघत नाही.

या दोन घटनांच्या मधला एक प्रसंग आपल्या वऱ्हाडातला आहे. 1927 च्या नोव्हेंबरात अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. अंबादेवीच्या मंदिरात प्रवेश मिळावा हा विषय होता व अध्यक्ष बाबासाहेब होते. परिषद चालू असतानाच त्यांचे थोरले बंधू बाळाराम मुंबईस वारल्याची तार आली. तेल्हाऱ्याहून अमरावती आज एसटीने काही तासांची वाट आहे. आपल्यापैकी कितीजण अंबादेवीच्या दर्शनाला जाऊन आले असतील, पण त्या पायऱ्यांशी हा इतिहास निगडित आहे हे फार थोड्यांच्या कानावर गेले असेल.

आता मुख्य ग्रंथाकडे वळतो. मार्च 1940 मध्ये लाहोर येथे मुस्लिम लीगने वेगळ्या राष्ट्राच्या मागणीचा ठराव केला. देशात एकच गहजब झाला. कोणी त्याला मूर्खपणा म्हटले, कोणी देशद्रोह म्हटले. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने या मागणीचा अहवाल तयार करण्यास एक समिती नेमली, आणि त्या कामातून 1940 च्या डिसेंबरात त्यांचा 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. 1945 साली त्याची वाढविलेली आवृत्ती 'पाकिस्तान अथवा भारताची फाळणी' अशा अर्थाच्या नावाने निघाली. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र लेखनाचा आठवा खंड तो हाच.

या ग्रंथाची मांडणीच पाहण्यासारखी आहे. प्रथम मुसलमानांची पाकिस्तानची बाजू, जणू त्यांचाच वकील बोलतो आहे अशी. त्यानंतर हिंदूंची पाकिस्तानविरोधी बाजू, तीही तितक्याच ताकदीने. मग पाकिस्तान नाही तर काय. मग या रोगाचे मूळ कशात. वाचकाला कोठे न्यायचे आहे ते लेखक लगेच सांगत नाही. बॅरिस्टर माणूस असल्याने दोन्ही पक्षांची कैफियत मांडण्याचा त्यांना सराव होता हे खरे, परंतु येथे पक्षकार कोणीच नाही. लीगवाल्यांना व काँग्रेसवाल्यांना दोघांनाही हा ग्रंथ आपला वाटला नाही आणि दोघांनाही त्याची दखल घ्यावी लागली.

दंगलींचे प्रकरण मी दोनदा वाचले. 1920 पासून 1940 पर्यंतच्या वीस वर्षांतील हिंदू-मुसलमान दंगलींची त्यांनी सरकारी वार्षिक अहवालांच्या आधारे वर्षवार नोंद केली आहे. मलबारातील मोपल्यांचे बंड, 1924 चे कोहाट, 1926 चे कलकत्ता, आणि मग मुंबई. फेब्रुवारी 1929 ते एप्रिल 1938 या सव्वानऊ वर्षांच्या काळात एकट्या मुंबई शहरात दंगलीचे दिवस 210 भरले, 560 माणसे मेली आणि 4500 जखमी झाली, असा त्यांचा हिशेब आहे. हे आकडे देऊन झाल्यावर ते विचारतात की मध्ये मध्ये थोडी सशस्त्र विश्रांती असलेली ही वीस वर्षे यादवी युद्धाची नव्हेत तर कशाची? आज जगातील विद्यापीठांत यादवी युद्धाचा अभ्यास करणारे विद्वान किती मेले, किती दिवस चालले, किती गावांत पसरले याचे तक्ते करतात आणि त्यावर सिद्धान्त बांधतात. ती पद्धत रूढ होण्याच्या पुष्कळ आधी, गणकयंत्राशिवाय, दादरच्या राजगृहातील आपल्या ग्रंथालयात बसून एका माणसाने ते केले होते.

आणि केवळ मृतांची मोजदाद करून ते थांबले नाहीत. सैन्यात कोणत्या प्रांतातून किती भरती होते, पंजाब व सरहद्द प्रांताचा त्यांत किती मोठा वाटा आहे, हे त्यांनी तपासले. देशाची सरहद्द डोंगरावर आहे की नदीवर, यापेक्षा सैन्य विश्वासाचे आहे की नाही हे अधिक महत्त्वाचे, असा त्यांचा निष्कर्ष होता. दोन राज्ये झाली तर कोणाच्या तिजोरीत किती महसूल येईल याचे आकडे त्यांनी मांडले. जिल्हावार लोकसंख्येचे तक्ते जोडले, नकाशे जोडले. तसेच पंजाब व बंगाल हे अखंड प्रांत म्हणून पाकिस्तानात जाऊ शकत नाहीत, त्यांचीही वाटणी करावी लागेल, असे सांगितले. 1947 साली नेमके तेच घडले.

परदेशांतून त्यांनी दोन प्रकारचे दाखले घेतले. तुर्की साम्राज्य व चेकोस्लोव्हाकिया हे फुटलेल्या राज्यांचे. कॅनडा, दक्षिण आफ्रिका व स्वित्झर्लंड हे भिन्न लोक एका घटनेखाली नांदल्याचे. म्हणजे फुटणे अटळ नाही, पण ते अशक्यही नाही. ग्रीस व तुर्कस्तान यांनी 1923 च्या करारान्वये आपापल्या अल्पसंख्याकांची अदलाबदल केली होती. फाळणी करायचीच असेल तर तशीच सरकारी देखरेखीखाली, मालमत्तेचा हिशेब ठेवून अदलाबदल करा, असे त्यांनी सुचविले. 1945 च्या आवृत्तीत तर त्यांनी कायद्याचा मसुदाच दिला. आधी संबंधित प्रांतांतील मुसलमानांचे मतदान, मग मुसलमानेतरांचे, मग सीमा आयोग. घाई नको, असा त्याचा सगळा रोख होता.

प्रत्यक्षात काय झाले ते आपण जाणतो. सीमारेषा 17 ऑगस्ट 1947 रोजी, म्हणजे स्वातंत्र्य मिळाल्यानंतर दोन दिवसांनी, जाहीर झाली. सव्वा ते दीड कोटी माणसे घरे सोडून निघाली. मेलेल्यांचे अंदाज दोन लाखांपासून दहा लाखांच्या पलीकडेपर्यंत जातात, आणि नक्की आकडा आजपर्यंत कोणालाही सांगता आलेला नाही. मोजणारा माणूस होता, त्याचा ग्रंथ सात वर्षे बाजारात होता. कारभार मात्र न मोजता झाला.

तरीही या ग्रंथातील प्रत्येक गोष्ट मला पटते असे नाही, आणि लेख गौरवपर असला तरी हे लिहिले पाहिजे. हिंदूंचे मत, मुसलमानांचे मत असे त्यांनी अनेक ठिकाणी एकवचनी लिहिले आहे, जणू कोट्यवधी लोकांचे मन एकच. जातीजातींतले भेद ज्यांनी इतके बारकाईने दाखविले, मुसलमान समाजातही जातिभेद आहेत हे ज्यांनी याच ग्रंथात लिहिले, त्यांनी राजकारणाच्या प्रकरणांत असे ढोबळ गट का धरावेत? 1971 साली पाकिस्तानच भाषेवरून व सत्तेच्या वाटणीवरून फुटला आणि बांगलादेश झाला. धर्म एक असूनही यादवी युद्ध झाले. दुसरे असे की या ग्रंथाची पाने फाडून नेणारे पुष्कळ आहेत. कोणी मुसलमान समाजावरील टीका तेवढी उचलतो, कोणी हिंदुराज्य हे देशावरील अरिष्ट ठरेल हा इशारा तेवढा उचलतो. दोन्ही एकाच पुस्तकात आहेत, आणि ती दोन्ही एका माणसाने एकाच कारणासाठी लिहिली, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

6 मे 1945 रोजी मुंबईत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या व्यासपीठावरून त्यांनी जातीय पेचावर तोडगा मांडला. तो मला त्यांच्या विचारांतील सर्वात मौलिक वाटतो, आणि तोच सर्वात कमी वाचला जातो. जेथे बहुमत हे मताने न ठरता जन्माने ठरते, तेथे बहुमताचे राज्य हा न्याय होत नाही, असे त्यांचे म्हणणे. म्हणून कोणत्याही एका समाजाला सभागृहात निखळ बहुमत असू नये. मध्यवर्ती कायदेमंडळात हिंदूंना शेकडा 40, मुसलमानांना 32, अनुसूचित जातींना 20 आणि उरलेल्या जागा ख्रिस्ती, शीख व अँग्लो-इंडियन यांना, असा हिशेब त्यांनी दिला. म्हणजे कोणालाही राज्य करायचे असेल तर दुसऱ्याची मनधरणी करावी लागणार. ही योजना कोणी स्वीकारली नाही. ती चालली असती का, यावर आमच्या वर्गात वाद होऊ शकेल, व्हावाही.

संघर्षाचा हाच धागा त्यांनी प्राचीन काळापर्यंत नेला. 1946 च्या 'शूद्र पूर्वी कोण होते' या ग्रंथात शूद्र हे मूळचे क्षत्रिय व ब्राह्मणांशी झालेल्या वैरातून त्यांचे उपनयन बंद झाले, असे त्यांनी मांडले. 1948 च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात तर सगळी उपपत्तीच युद्धावर उभी आहे. शेती करून स्थिर झालेल्या टोळ्या व भटक्या टोळ्या यांच्यात लढाया होत. पराभूत टोळ्यांतून विखुरलेली, वाताहत झालेली माणसे गावाच्या सीमेवर राखणदार म्हणून राहू लागली. पुढे बौद्ध धर्माशी निष्ठा व गोमांसाचा प्रश्न यांतून तीच माणसे अस्पृश्य ठरली. सर्व विद्वानांना हे मान्य नाही आणि पुरावा अपुरा आहे हे स्वतः बाबासाहेबांनाही ठाऊक होते. जेथे दुवा तुटला आहे तेथे तर्काने तो जोडावा लागतो, असे त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. परंतु आमच्याकडच्या कोणत्याही जुन्या गावात जाऊन पाहावे. गावठाण कोठे, वेस कोठे, आणि वेशीबाहेर कोणाची घरे. हा नकाशा कोणी काढला, हा प्रश्न मला त्या पुस्तकाने पहिल्यांदा विचारायला लावला. माझ्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. तो नकाशा त्यांच्यासाठी पाऊसपाण्यासारखा होता, कोणी काढलेला नव्हता.

घटना समितीत ते बंगालमधून निवडून आले. 17 डिसेंबर 1946 रोजी अध्यक्षांनी अनपेक्षितपणे त्यांचे नाव पुकारले. सभागृहातील बहुसंख्य काँग्रेसचे आणि हे त्यांचे जुने टीकाकार. त्यांनी लीगसाठी थांबावे असे सुचविले, आणि हिंदू-मुसलमान प्रश्न युद्धाने सोडवू पाहणाऱ्यांना असे युद्ध कधी संपत नसते याची जाणीव करून दिली. सभागृहाने ते भाषण शांतपणे ऐकले व टाळ्या दिल्या. फाळणीत त्यांची जागा गेली, तेव्हा 1947 च्या जुलैत त्यांना मुंबईतून पुन्हा निवडून आणण्यात आले व 29 ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली. त्यांनी आधी केलेला अभ्यास घटनेत जागोजाग दिसतो. एरवी संघराज्य, पण संकटकाळी एककेंद्री होऊ शकेल असे राज्य. सर्व देशास एकच न्यायव्यवस्था. 25 नोव्हेंबर 1949 च्या शेवटच्या भाषणात त्यांनी रक्तपाताचे मार्ग तर सोडाच, पण घटनात्मक मार्ग खुले असताना सत्याग्रहही सोडावा असे सांगितले. महाडचा सत्याग्रही हे सांगत होता. त्याच भाषणात, राजकारणात समता व जीवनात विषमता हा विसंवाद फार काळ ठेवला तर ज्यांना त्याची झळ बसते तेच ही इमारत उडवून देतील, हेही त्यांनी ऐकविले.

1955 च्या अखेरीस त्यांनी भाषावार राज्यांवर पुस्तिका लिहिली. एका भाषेचे एकच अवाढव्य राज्य झाले तर मोठी जात लहान जातींना चिरडील, म्हणून भाषा एक ठेवा पण राज्ये लहान करा, असा त्यांचा युक्तिवाद. महाराष्ट्राचे त्यांनी चार भाग सुचविले होते आणि आपला अकोला जिल्हा पूर्व महाराष्ट्रात घातला होता. विदर्भाच्या प्रश्नावर चौकात भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी ती पुस्तिका वाचावी. फार मोठी नाही, एका बैठकीत होते.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला. जगाच्या इतिहासात एवढ्या मोठ्या दुखावलेल्या जनसमूहाने शस्त्र न उचलता असा निर्णय घेतल्याची उदाहरणे विरळा असावीत. 6 डिसेंबरला दिल्लीत त्यांचे निधन झाले.

मागे हस्तलिखितांच्या पेट्या राहिल्या. त्या पुष्कळ वर्षे बंदच होत्या. 1979 पासून महाराष्ट्र शासनाने समग्र लेखन छापण्यास आरंभ केला आणि नागपूरचे वसंत मून यांनी संपादनात आयुष्य घातले. 1987 सालच्या तिसऱ्या खंडात 'प्राचीन भारतातील क्रांती व प्रतिक्रांती' हा ग्रंथ आहे. बौद्ध धर्म व ब्राह्मणी धर्म यांचा हजार वर्षांचा झगडा हा त्याचा विषय. तो पुरा झालेला नाही. काही प्रकरणे मधूनच तुटतात, काहींची पाने गहाळ आहेत, आणि संपादकांनी ती जशी सापडली तशीच छापली आहेत.